एकच पत्ता, बिऱ्हाडे अनेक

तुमच्या घरी मोबाईल, ताईचा लॅपटॉप आणि टीव्ही ही तिन्ही साधने एकाच वेळी इंटरनेटवर चालतात. बाहेरच्या जगाला मात्र बहुधा तिघांचा मिळून एकच पत्ता दिसतो. मग ज्याचे उत्तर त्यालाच कसे मिळते?

ही काटकसर हौसेची नव्हे. इंटरनेटच्या चौथ्या आवृत्तीतील पत्ता ३२ द्विमान अंकांचा असतो. असे पत्ते सुमारे ४२९ कोटीच होतात. ते पुरणार नाहीत हे दिसू लागले, तेव्हा १९९४ साली वाटेत पत्ता बदलण्याची युक्ती मांडली गेली.

घरातल्या साधनाला रूटर खाजगी पत्ता देतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. निरोप धाडताना साधन पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांकही लिहिते. (हे पोर्ट म्हणजे डब्याला मागे असलेली खाच नव्हे! ती ० ते ६५,५३५ मधली नुसती एक संख्या.) रूटर खाजगी पत्ता खोडून तेथे स्वतःचा घालतो आणि वहीत नोंद करतो.

समजा, मोबाईलने ५०,००० हा पोर्ट घेतला. पुष्कळ रूटर शक्यतो तोच क्रमांक राखतात. पण लॅपटॉपनेही त्याच संकेतस्थळासाठी योगायोगाने ५०,००० निवडला, तर? दोन्ही उत्तरे एकाच क्रमांकावर येतील आणि कोणते कोणाचे ते कळणार नाही. म्हणून रूटर लॅपटॉपला दुसरा मोकळा क्रमांक देतो, ५०,००१ म्हणा. त्यावर उत्तर आले की वही पाहून तो पुन्हा लॅपटॉपचा पत्ता आणि ५०,००० लिहितो. लॅपटॉपला या अदलाबदलीची गंधवार्ताही नसते. दोघांची संकेतस्थळे वेगळी असती, तर काही रूटरांनी एकच क्रमांक दोघांनाही चालू दिला असता. कारण उत्तर कोठून आले यावरूनही ओळख पटते.

बोलणे थांबले की काही वेळाने नोंद खोडली जाते आणि तो क्रमांक दुसऱ्याला मिळू शकतो.

इथेच एक धोका आहे. अनेक मोबाईल कंपन्याही हीच युक्ती वापरून पुष्कळ ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवतात. त्यांतल्या एकाने कोणाला धमकी पाठवली आणि तपास करणाऱ्याच्या हाती फक्त पत्ता आला, तर संशय साऱ्यांवरच! पोर्ट कळला पण वेळ चुकली, तर तोवर तो क्रमांक भलत्याच निरपराध माणसाकडे गेलेला असू शकतो. म्हणून संकेतस्थळांनी येणाऱ्याच्या पत्त्याबरोबर पोर्ट क्रमांक आणि सेकंदापर्यंत अचूक वेळही टिपून ठेवावी, अशी शिफारस २०११ साली करण्यात आली.