समुद्रकांठची दोन रात्रींची सहल
(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून)

शेतकऱ्यास सुटीचा वार नाहीं. कचेरींतील नोकरास रविवार आहे, शाळेस उन्हाळ्याची सुटी आहे. परंतु गाईम्हशींच्या धारा, पाण्याची पाळी आणि रानाची राखण यांस तसा खंड नाहीं. त्यांतही घरांतील स्त्रियांची स्थिति अधिक विचार करण्याजोगी आहे. माहेर, लग्नकार्य व देवदर्शन यांवांचून ज्यांनीं वीस-वीस वर्षांत घराबाहेर एक रात्रही काढलेली नाहीं अशा गृहिणी आपल्या बहुतेक गांवांत आढळतील. बैलास पोळ्याचा दिवस न चुकतां देणाऱ्या शेतकऱ्यानें आपल्या कुटुंबासही वर्षांतून दोन दिवस विश्रांतीचे द्यावे, यांत चैन कोणती?

अशा विश्रांतीसाठीं अलीकडे घाटावरील मंडळींची ओढ कोंकणच्या किनाऱ्याकडे आहे व ती योग्यच आहे. कोल्हापूर-सांगलीकडील वाचकांच्या सोयीचें ठिकाण म्हणून प्रस्तुत लेखांत मालवण व त्याच्या दक्षिणेची तारकर्ली यांचा विचार केला आहे. नारळीच्या बागा, पांढरी वाळू, कर्ली नदीचा संगम, जलदुर्ग आणि उतरण्याची सोय हें सारें तेथें दहा-बारा किलोमीटरांच्या टापूंत मिळतें.

तथापि समुद्राच्या बाबतींत घाटावरचा मनुष्य अगदीं अनभिज्ञ असतो, हें प्रथमच ध्यानीं धरावें. ता. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूड येथें पुण्याहून सहलीस आलेले १४ विद्यार्थी बुडून मरण पावले. ता. १५ एप्रिल २०१७ रोजीं मालवणनजीक वायरीच्या किनाऱ्यावर बेळगांवाहून आलेल्या मंडळींपैकीं ८ जणांवर तोच प्रसंग ओढवला. दोन्ही वेळीं पावसाळा नव्हता. अशा अपघातांच्या बातम्या वाचून समुद्रास भिऊन घरीं बसावें असें आमचें म्हणणें नाहीं. पेरणीपूर्वीं ज्याप्रमाणें वापसा पाहतों, त्याप्रमाणें या सहलीचीही आखणी आधीं करावी, इतकेंच सुचवावयाचें आहे.

हंगाम.—पावसाळ्यांत समुद्र खवळलेला असतो, किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, व ता. १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीसही बंदी असते. सबब तो काळ वर्ज्य. मे महिन्यांत उकाडा व गर्दी दोन्ही फार. नाताळापासून इंग्रजी नववर्षापर्यंतच्या आठवड्यांत जागा मिळत नाहीं, आणि मिळालीच तर भाडें चढें असतें. राहतां राहिले मार्गशीर्ष ते माघ हे महिने. रब्बीची पेरणी झालेली असते, ज्वारी-हरभऱ्याची काढणी लांब असते, हवा आल्हाददायक असते. मात्र ज्याच्या उसास तोडीची चिठी यावयाची आहे त्यानें ती बाब निकालीं निघाल्यावांचून आगाऊ पैसे भरूं नयेत.

वार.—शनिवार-रविवार हे दिवस नोकरवर्गाचे आहेत. त्या दोन दिवशीं किनाऱ्यावर जत्रा लोटते व निवासाचे दरही बहुधा वाढलेले असतात. शेतकऱ्यास वाराचें बंधन नसल्यानें त्यानें सोमवारीं निघून बुधवारीं परतावें. मुलांच्या शाळेमुळें शनिवार-रविवारच घेणें भाग असल्यास महिनाभर आधीं जागा राखून ठेवावी.

तिथि.—ही बाब सर्वांत महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलें जातें. समुद्रास दिवसांतून दोन वेळां भरती व दोन वेळां ओहोटी येते, आणि ही वेळ चंद्राच्या गतीनें रोज सुमारें ५० मिनिटें पुढें सरकते. किनाऱ्यावरील जुन्या लोकांचा आडाखा असा कीं, तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी म्हणजे भरतीचा तास निघतो. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन; म्हणजे तीन वाजतां पूर्ण भरती व नऊ वाजतां पूर्ण ओहोटी. अष्टमीस आठाची पाऊणपट सहा. भरती सकाळ-संध्याकाळ सहास, ओहोटी दुपारीं बारास. शुद्ध व वद्य दोन्ही पक्षांस हिशेब एकच. मुंबईच्या किनाऱ्यास हा आडाखा स्थूल मानानें लागू पडतो. दक्षिणेस जावें तसतशी भरती थोडी आधीं येते. म्हणून मालवणास पोंचल्यावर कोणा कोळी-गाबित बांधवास नेमकी वेळ विचारून घ्यावी.

आतां याचा उपयोग पहा. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास भरती सर्वांत मोठी येते व पाण्याची ओढही तितकीच जबर असते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटींतील अंतर कमी व ओढ सौम्य असते; त्यास भांग म्हणतात. म्हणून नवख्या मंडळींनीं सप्तमी ते नवमी हे दिवस धरावे. त्या दिवसांत दुपारनंतर पाणी चढत असल्यानें समुद्रस्नानास तिसरा प्रहर साधतो, आणि सकाळीं पाणी उतरत असतां वाळूवर फिरावयास मोकळें मैदान मिळतें. पंचांग तर प्रत्येक घरीं आहेच. त्याचा हा एक नवा उपयोग समजावा.

घरची व्यवस्था.—धारा व वैरण यांसाठीं मजूर ठेवण्यापेक्षां सावडीचा मार्ग उत्तम. या आठवड्यांत शेजाऱ्याचें घर आपण सांभाळावें, पुढच्या पंधरवड्यांत त्यानें आपलें सांभाळावें. कालव्याची पाळी कोणत्या तारखेस येते व कृषिपंपास वीज दिवसा आहे कीं रात्रीं, हें पाहून मगच दिवस मुक्रर करावा. गाभण जनावर व्यावयास टेकलें असेल तर सहल पुढें ढकलावी.

मुक्काम.—तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचें निवासस्थान आहे; त्याशिवाय खासगी रिसॉर्टें आहेत, आणि गांवकऱ्यांच्या घरीं निवास व न्याहारीची सोयही होते. कुटुंबासह जाणाऱ्या शेतकऱ्यास ही घरगुती सोय विशेष मानवेल. कारण यजमानही बागाईतदार असतो व बोलण्यास विषय शोधावा लागत नाहीं. पैसे पाठविण्यापूर्वीं पांच गोष्टी विचाराव्या : खोलींत माणसें किती राहतील, जेवण भाड्यांत धरलें आहे कीं निराळें, खोली कोणत्या वेळीं मिळेल व कोणत्या वेळीं सोडावी लागेल, बेत रद्द झाल्यास आगाऊ रकमेचें काय, आणि किनारा किती अंतरावर आहे. उत्तरें मोबाइलवर लेखी मागवावीं व पैशांची पावती जपून ठेवावी. महसूल खात्यांतील सारा जन्म आम्हांस एकच गोष्ट शिकवून गेला. ती ही कीं, तोंडी कबुलीस तंट्याच्या दिवशीं कोणी साक्षीदार उरत नाहीं. नुसत्या सुंदर छायाचित्रावर विसंबून अनोळखी खात्यांत रक्कम भरूं नये.

वाट.—कोल्हापुराहून राधानगरी, फोंडाघाट, कणकवली व कसाल या मार्गानें मालवण सुमारें १६० किलोमीटर पडतें. गगनबावड्याकडून करूळ व भुईबावडा हे घाटही आहेत. परंतु दरड व दुरुस्ती यांमुळें घाट मधून मधून बंद ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वीं चौकशी करावी. पहांटे पांचास निघाल्यास दुपारच्या जेवणास मालवण गांठतां येतें. घाट रात्रीं उतरूं नये, व गाडी हांकणाऱ्यानें आदल्या रात्रीं पाण्याच्या पाळीवर जागूं नये.

समुद्रस्नान.—विहिरींत व कालव्यांत पोहणारा तरुण समुद्रासही तसाच समजतो. धोका नेमका येथेंच आहे. विहिरीचें पाणी जागच्या जागीं असतें, समुद्राचें चालतें असतें. लाटांनीं किनाऱ्यावर लोटलेलें पाणी परत जावयास वाट शोधतें. शेताच्या बांधास खांड पडली म्हणजे वाफ्यांतील सारें पाणी जसें त्या खांडीकडे धांवतें, तसेंच हें परतीचें पाणी एखाद्या अरुंद वाटेनें वेगानें खोल समुद्राकडे जातें. अशा ठिकाणीं लाटा फुटत नाहींत, पाणी शांत व किंचित् गडद दिसतें. आणि नवखा मनुष्य तीच जागा सुरक्षित समजून तेथें उतरतो. दुर्दैवानें कोणी त्या ओढींत सांपडलाच तर त्यानें किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरूं नये. त्यानें दम संपतो. प्रथम तरंगत राहावें, हात वर करून हांक द्यावी, किनाऱ्यास समांतर असें बाजूस सरकावें, आणि ओढ सुटल्यावर मग तिरपें परत यावें. किनाऱ्यावरील मंडळींनीं त्याच्यामागें उडी न टाकतां दोर, रिकामा डबा किंवा फुगविलेली टायर फेंकावी व स्थानिक लोकांस बोलवावें. एकास वाचवावयास दुसरा जातो व दोघेही जातात, असें पुष्कळदां घडलें आहे.

याकरितां नियम थोडे, पण कडक असावे. पाणी चढत असतांनाच उतरावें, ओहोटी लागतांच बाहेर यावें. कमरेपेक्षां खोल जाऊं नये. लुगडें नेसलेल्या स्त्रियांनीं गुडघ्याइतक्या पाण्यांतच बसावें, कारण भिजलेलें वस्त्र पायांत गुंडाळतें. मुलाचा हात एका ठरलेल्या मोठ्या माणसाच्या हातीं असावा. सर्वांनीं लक्ष ठेवावयाचें म्हणजे कोणीच न ठेवावयाचें. मद्य घेतलेल्यास पाण्यांत जाऊं देऊं नये, मग तो वडीलधारा असो. देवबागेस जेथें कर्ली नदी समुद्रास मिळते तो संगम होडींतून पाहावा. तेथें पोहूं नये. होडींत जीवरक्षक जाकीट सर्वांस मिळाल्यावांचून पाय ठेवूं नये, ता. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून २ जणांचा अंत झाला. मोटार वाळूवर नेऊं नये. चाक रुतलें कीं भरती कोणाची वाट पाहत नाहीं.

पाहण्याजोगें.—पहिल्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं स्नान व विश्रांति पुरे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं किनाऱ्यावर जावें; नशीब असेल तर रापण ओढतांना दिसेल. लांबच लांब जाळें समुद्रांत सोडून दोन्ही टोंकें पुष्कळ माणसें मिळून ओढतात व मिळालेल्या मासळीचे हिस्से ठरलेल्या वाट्यानें होतात. वाटेकरी शेती जाणणाऱ्यास ही पद्धति चटकन् समजेल. नंतर मालवणच्या धक्क्यावरून होडीनें सिंधुदुर्ग किल्ला पाहावा. छत्रपति शिवाजीमहाराजांनीं कुरटे बेटावर इ. स. १६६४ मध्यें याचें काम सुरू करून १६६७ मध्यें पुरें केलें. आंत राजाराममहाराजांनीं उभारलेलें शिवराजेश्वराचें मंदिर आहे. भोंवतीं खारें पाणी असतां दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींस गोडें पाणी आहे, हें तर शेतकऱ्यानें मुद्दाम चाखून पाहण्याजोगें. वेळ असल्यास परतीच्या दिवशीं वेंगुर्ल्याचें प्रादेशिक फळसंशोधन केंद्र पाहावें. काजूच्या वेंगुर्ला-४ व वेंगुर्ला-७ या जातींचें तें जन्मस्थान.

आहाराविषयीं चिंता नको. मासळी न खाणाऱ्यांनीं आधीं कळविल्यास आंबोळी, काळ्या वाटाण्याचें सांबारें व कोकमाची सोलकढी मिळते.

खर्च.—निघण्यापूर्वीं एका कागदावर प्रवास, मुक्काम, जेवण, होडीभाडें व किरकोळ अशीं पांच सदरें पाडून आंकडे मांडावे, आणि बेरजेचा पांचवा हिस्सा अडीअडचणीसाठीं वेगळा ठेवावा. या सहलीसाठीं कर्ज काढूं नये किंवा बीं-खताच्या रकमेस हात लावूं नये. दुधाच्या पगारांतून वर्षभर थोडें थोडें बाजूस टाकल्यास रक्कम जमते, आणि ती गृहिणीच्या हातीं ठेवल्यास बहुधा जमून राहते.

आमची शेतकरीबंधूंस एवढीच विनंति कीं, हा लेख वाचून झाल्यावर घरचें पंचांग काढावें, मार्गशीर्ष-पौषांतील अष्टमी कोणत्या वारीं येते तें पाहावें, आणि घरांतील मंडळींस विचारून ती तारीख आजच खुणेनें राखून ठेवावी.