आगत्तीच्या विमानातून आम्ही दोघे का उतरलो

गेल्या मे महिन्यात माझा मुलगा सुट्टीवरून दोन दिवस उशिरा शाळेत हजर झाला. नियमाप्रमाणे त्याला शिक्षा झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण उशीर का झाला, हे त्याने वर्गात सांगितले तेव्हा मित्रांनी त्याला वेड्यात काढले म्हणे. "विमानात जागा रिकाम्या होत्या आणि तरी तुम्हाला उतरवलं? काहीही सांगतोस!" मराठी पानाच्या सरांच्या कानावर हे गेले आणि त्यांनी मला निरोप पाठवला की, तुम्ही हवाई दलात होता, तर हे एकदा नीट लिहूनच द्या. म्हणून हा लेख.

मी एएन-३२ विमानांवर सामान आणि माणसे चढवण्याचे काम बरीच वर्षे केले. आता रायपुरात गुढ़ियारीला राहतो. त्या सुट्टीत आम्ही तिघे, मी, मुलगा आणि त्याची आई, लक्षद्वीपला गेलो होतो. लक्षद्वीपमध्ये प्रवासी विमान उतरते ते एकाच बेटावर, आगत्तीला. बेट लांबट आणि अरुंद, धावपट्टी त्याच्या एका टोकाला, आणि दोन्ही बाजूंना निळे पाणी. परतीच्या दिवशी काउंटरवर सांगण्यात आले की आज सहा प्रवाशांना जाता येणार नाही, वजन जास्त होते आहे. शेवटी आलेल्या सहा जणांत आम्ही दोघे होतो. आईचे नाव वर होते, ती पुढे गेली. मुलाने खिडकीतून विमानाकडे पाहिले आणि म्हणाला, "बाबा, मागच्या रांगा रिकाम्या आहेत. हे खोटं बोलताहेत."

ते खोटे बोलत नव्हते. फक्त समजावून सांगत नव्हते.

विमानात किती माणसे बसतील हे खुर्च्या मोजून ठरत नाही. एटीआर-७२ हे दोन पंख्यांचे विमान आपल्याकडच्या लहान विमानतळांवर सर्रास दिसते. त्यात सत्तरएक जागा असतात आणि उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन जास्तीत जास्त २३ टन असू शकते. पण हे २३ टन घेऊन उडायला समुद्रसपाटीवर, १५ अंश तापमानात, त्याला सुमारे १३०० मीटर धावपट्टी लागते. आगत्तीची धावपट्टी आहे सुमारे १२०० मीटरची. म्हणजे भर थंडीच्या दिवसातसुद्धा हे विमान तिथून पूर्ण वजनाने उडू शकत नाही. आणि मे महिन्यात आगत्तीला १५ अंश तापमान कुठून येणार?

उन्हाने हवा तापली की विरळ होते. पंखाला वर उचलणारी हवा तीच, इंजिनाला लागणारी हवाही तीच. दोन्हीकडून मार बसतो. त्यात वारा समोरून असेल तर थोडी मदत होते, मागून असेल तर धाव लांबते. धावपट्टी ओली असेल तर थांबायला जास्त अंतर लागते. म्हणून वैमानिकाला परवानगी असलेले वजन रोज, किंबहुना तासातासाला, बदलते. सकाळी नऊला बसलेला माणूस दुपारी एकला बसेलच असे नाही.

आता कॅडेट मित्रांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. हा हिशोब दोन्ही इंजिने धडधाकट असल्याचे धरून केलेला नसतो. धावताना एक वेग असा ठरवलेला असतो की त्याच्या आत काही बिघडले तर ब्रेक लावायचा आणि धावपट्टी संपण्याआधी थांबायचे. तो वेग ओलांडल्यावर बिघडले तर एकाच इंजिनावर उडायचे. त्याला निर्णयाचा वेग म्हणू. वजन इतकेच ठेवायचे की नेमक्या त्या क्षणी एक इंजिन बंद पडले तरी दोन्हीपैकी एक वाट मोकळी राहील. आगत्तीला धावपट्टीच्या पुढे शेत नाही, समुद्र आहे. मागच्या रिकाम्या रांगा त्या एका क्षणासाठी रिकाम्या असतात.

हिशोब कळावा म्हणून गोल आकडे घेतो. समजा, त्या दिवसाच्या उन्हात आणि वाऱ्यात विमानाला २०,९०० किलोंची परवानगी आहे. रिकामे विमान, कर्मचारी वगैरे मिळून १३,७०० किलो. इंधन २,३०० किलो. उरले ४,९०० किलो. माणूस ७५ किलो आणि त्याची बॅग १५ किलो धरली तर ९० किलोंचा एक प्रवासी. म्हणजे ५४ प्रवासी. तिकिटे ६० गेली असतील तर सहा जण राहिले. वाऱ्याने दिशा बदलून परवानगी आणखी २७० किलोंनी घटली की अजून तिघे उतरले.

इंधन कमी का भरत नाहीत, असेही मुलाने विचारले. मुख्य भूमीवर एक विमानतळ बंद झाला तर शंभर-दीडशे किलोमीटरवर दुसरा सापडतो. बेटावर तसे नसते. उतरता आले नाही तर परत मुख्य भूमी गाठण्याइतके इंधन टाकीत हवेच, आणि लहान विमानतळावर इंधन मिळत नसेल तर परतीचेही सोबत घेऊन यावे लागते. माणूस उतरवता येतो, ते इंधन नाही उतरवता येत.

दुसरा प्रश्न मला जास्त आवडला. "आपण बॅगा इथेच ठेवल्या असत्या तर?" वरच्याच आकड्यांत करून पाहा. सगळ्यांच्या बॅगा खाली ठेवल्या तर ४,९०० भागिले ७५, म्हणजे ६५ माणसे. साठच्या साठ गेली असती आणि वर थोडे सामानही. मग बॅगा का ठेवत नाहीत? कधीकधी ठेवतातही, आणि त्या दुसऱ्या विमानाने येतात. पण दुसऱ्या दिवशीच्या विमानालाही तेच ऊन आणि तीच धावपट्टी असते. चार दिवसांत बॅगांचा ढीग साचतो. शिवाय बेटावरून कोचीला उपचारासाठी निघालेल्या माणसाला बॅगेतली औषधे आणि कागदपत्रे त्याच दिवशी लागतात. मात्र सहा जणांनी फक्त आपल्याच बॅगा टाकून दिल्या तर ९० किलो सुटतात, म्हणजे एकच माणूस चढतो. म्हणून "माझी बॅग ठेवा आणि मला न्या" या विनवणीचा उपयोग होत नाही. मी सोळा किलोंची बॅग उचलून दाखवत ही विनवणी केली होती, हे कबूल करतो. इतकी वर्षे याच कामात घालवून!

आता ७५ किलोंबद्दल. विमान कंपन्या प्रत्येकाला काट्यावर उभे करत नाहीत, सरासरी धरतात. आपल्याकडे बराच काळ मोठ्या माणसाला हातातल्या सामानासह ७५ आणि मुलाला ३५ किलो धरत आले आहेत. मोठ्या विमानात ही सरासरी चालून जाते, कारण दीडशे-दोनशे माणसांत कोणी जाड, कोणी बारीक, फरक आपोआप मिटतो. १९ जागांच्या विमानात तो मिटत नाही. रायपूरहून अंबिकापूरला २०२४ च्या डिसेंबरात असेच १९ आसनी विमान सुरू झाले. त्यात एखाद्या दिवशी कुस्तीगीरांचा संघ बसला तर सरासरी गेली वाऱ्यावर. प्रत्येकी दहा किलो जादा म्हणजे १९० किलो, दोन माणसांहून अधिक.

हा नुसता तर्क नाही. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट येथे एअर मिडवेस्टचे बीचक्राफ्ट १९०० डी हे १९ आसनी विमान उडताच नाक वर करत गेले आणि कोसळले. विमानातले २१ जण गेले. दुरुस्तीच्या वेळी शेपटीच्या नियंत्रणाची तार चुकीची जुळवली होती, त्यामुळे नाक खाली आणण्याची ताकदच कमी झाली होती. त्यात कागदावर सरासरीने बसवलेले वजन प्रत्यक्षात मर्यादेबाहेर होते आणि मागच्या बाजूला जास्त होते. नंतर तिथल्या लहान विमानांतले प्रवासी खरोखर मोजले, तर सरासरी धरलेल्या आकड्याहून सुमारे २० पौंड, म्हणजे ९ किलो जास्त निघाली. नियम बदलले.

"मागच्या बाजूला जास्त" हे काय, ते गुढ़ियारीत राहणाऱ्याला शिकवावे लागत नाही. इथे घाऊक बाजार आहे, दिवसभर पोती भरलेल्या गाड्यांची ये-जा. दोन चाकांच्या गाडीत पोती मागे जास्त झाली की पुढचा दांडा वर उचलतो. मराठीत गाडी उलाळ झाली म्हणतात, इथे उलार म्हणतात. हमाल दोन पोती पुढे सरकवतो आणि गाडी सरळ होते. विमान पंखांवर असेच तोललेले असते. फरक इतकाच की उलाळ झालेले विमान हवेत गेल्यावर पोती पुढे सरकवता येत नाहीत. म्हणून अर्धे रिकामे विमान असले तरी हवाई सुंदरी सांगते, उठून दुसऱ्या रांगेत बसू नका. तो तिचा आगाऊपणा नव्हे.

हवाई दलात आम्ही सरासरीवर फार विसंबत नव्हतो. जवान बूट, बिस्तरा, ट्रंक घेऊन येतो. तो ७५ किलोंचा कधीच नसतो. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,२५० मीटरवर, हवा मुळातच विरळ. तिथली उड्डाणे भल्या सकाळी उरकायची, कारण ऊन चढले की उचलता येणारे वजन झरझर उतरते. रजेवर निघालेले जवान पहाटे काकडत रांगेत उभे असायचे आणि आम्ही यादीच्या तळाशी रेघ मारायचो. एकाने मला म्हटले होते, "सर, बहीण का ब्याह है, मुझे बिना बिस्तर के ले चलो." त्याचा बिस्तरा ठेवून घेतला आणि त्याला नेले. दुसऱ्या दिवशी तेवढी सोय झाली नसती.

सामोआ एअर या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या कंपनीने २०१३ साली प्रवाशाच्या आणि सामानाच्या मिळून वजनावर किलोमागे भाडे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा जगभर थट्टा झाली. मला त्यात हसण्यासारखे काही वाटले नाही. एअर न्यूझीलंडने २०२३ मध्ये प्रवाशांना स्वखुशीने काट्यावर उभे राहायला सांगितले, आकडा कुणाला न दाखवता. हा मार्ग मला जास्त बरा वाटतो.

पालकांनी एवढे मात्र लक्षात ठेवावे. जागेपेक्षा जास्त तिकिटे विकून प्रवाशाला उतरवले तर आपल्याकडे नियम आहे: आधी स्वखुशीने थांबणारे शोधायचे, आणि जबरदस्तीने ठेवले तर दुसऱ्या विमानाला लागणाऱ्या वेळानुसार १०,००० किंवा २०,००० रुपयांपर्यंत भरपाई. वजनाचे कारण निघाले की बोट हवेकडे दाखवता येते. माझे मत विचाराल तर, वारा त्या दिवसाचा असतो हे खरे. पण धावपट्टी काही त्या दिवशी सकाळी आखूड झालेली नसते. मे महिन्यात ऊन असणार हेही ठाऊक असते. तिकिटे तेवढीच विकावीत.

आमच्या यादीत सातवे नाव होते एका बेटावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांचे. ते डायलिसिससाठी कोचीला निघाले होते. वारा आणखी फिरला असता तर पुढची रेघ त्यांच्यावर आली असती. मुलगा विमान जाईपर्यंत वाऱ्याच्या पिशवीकडे बघत राहिला. विमान धावले, आणि शेवटच्या काही मीटरांत उचलले. तो म्हणाला, "एवढं जवळ?" मी म्हटले, "एवढंच."

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो, तोवर कोचीहून पुढची गाडी सुटली होती. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तेव्हा चिरंजीवांनी आपली काळी ट्रंक समोरच्या धान्याच्या दुकानातल्या काट्यावर ठेवली. ३१ किलो. दुकानदार म्हणाला, "क्या भर के लाए हो भैया?" आत अर्धी पुस्तके, अर्धे चिखलाचे बूट. परत जाताना रेल्वे आहे म्हणून त्याने त्यात आईच्या हातचे लाडू आणखी भरले.