किल्ली शिपायाच्या हातात

भोसरीच्या एका कारखान्यातलं पॅकिंगचं यंत्र दिवसातून एक-दोनदा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं. प्रोग्राम माझा. चार रात्री यंत्राशेजारी स्टूल टाकून बसलो, तेव्हा कुठे चोर सापडला. अगदी असाच चोर १९९७ साली मंगळावर सापडला होता.

४ जुलै १९९७ रोजी नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं. काही दिवसांतच त्याचा संगणक मध्येच रीसेट होऊ लागला. झालं होतं ते असं. समजा, तिजोरीची किल्ली शिपायाकडे आहे आणि साहेब दाराशी खोळंबलेत. एरवी शिपाई पटकन काम उरकून किल्ली देईल. पण मधले कारकून त्याला आपापल्या कामांना जुंपतात, आणि त्यांचा हुद्दा शिपायाहून मोठा. म्हणजे शेवटी साहेब अडतात ते कारकुनांमुळे. यानावर शिपाई होतं हवामानाच्या नोंदी घेणारं किरकोळ काम, साहेब होतं यानाच्या अंतर्गत माहितीची वाटणी करणारं काम, आणि किल्ली होती दोघांनाही लागणाऱ्या एका सामायिक कुलपाची. साहेबांचं काम वेळेत झालं नाही, की पहारेकरी प्रोग्राम सगळं रीसेट करायचा.

त्यावरचा उपाय म्हणजे प्रायॉरिटी इनहेरिटन्स. किल्ली परत करेपर्यंत शिपायाला साहेबांचा हुद्दा मिळतो, मग कारकून त्याला हात लावू शकत नाहीत. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांनी १९९० साली या पद्धतीचं गणित मांडलं होतं. यानावरच्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत ही सोय होती, पण त्या कुलपासाठी ती बंद होती. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर बिघाड घडवून पाहिला आणि ती सोय मंगळावर चालू केली.

मीही तेच केलं. बंद पडणं कमी झालं, थांबलं मात्र नाही. माझा शिपाई कुलूप धरून मेमरी कार्डावर नोंद लिहीत बसायचा. हुद्दा वाढवल्याने कार्ड काही वेगाने चालत नाही! शेवटी आकडे आधी बाजूला उतरवून घेतले, कुलूप सोडलं आणि मग निवांत कार्डावर लिहिलं. त्यानंतर यंत्र एकदाही अडलं नाही.

संगणकतज्ज्ञ व्हिक्टर योडायकेन यांनी २००२ साली प्रायॉरिटी इनहेरिटन्सविरुद्धच लिहिलं. महत्त्वाचं आणि किरकोळ काम एकाच कुलपावर आणूच नये, असं त्यांचं म्हणणं. ते मला बरंचसं पटतं. तरीही मी ही सोय काढायला तयार नाही, कारण कुठलं कुलूप कोण कधी धरेल हे आपल्याला आधीच कळतं असं समजणं धोक्याचं आहे. पाथफाइंडरच्या मंडळींनाही ते कळलं नव्हतं, आणि ती काही नवखी माणसं नव्हती.

म्हणून माझ्या हाताखाली येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, सोय चालू ठेवा. पण त्याआधी प्रत्येक कुलूप किती मायक्रोसेकंद धरलं जातं ते मोजून वहीत लिहा.