वनौषधियुक्त टूथपेस्ट आणि हिरड्यांचे आरोग्य

आदिलाबादहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर इचोडा हे मंडल मुख्यालयाचे गाव आहे. मराठी, तेलुगू आणि गोंडी भाषिकांच्या या परिसराला कडुनिंबाची व बाभळीची काडी परकी नाही. आता त्याच वनस्पतींची नावे छापलेल्या टूथपेस्टही दुकानांतून मिळतात. हिरड्यांतून येणारे रक्त अशा पेस्टने थांबेल, या विश्वासाने त्या घेतल्या जातात. हा विश्वास कितपत सार्थ आहे, हे पाहण्यासाठी प्रथम रक्त का येते हे समजून घेणे इष्ट होय.

दात व हिरडी यांच्या सांध्यावर जंतूंचा मऊ, चिकट थर सतत साचत असतो. तो वेळेवर निघाला नाही तर हिरडी लाल होते, सुजते व ब्रश लागताच रक्त येते. डेन्मार्कमधील आर्हुस येथे १९६५ साली हेराल्ड ल्यो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. निरोगी हिरड्यांच्या १२ व्यक्तींनी दात घासणे बंद केले. १० ते २१ दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्या सुजल्या. सफाई पुन्हा सुरू होताच सूज ओसरली. म्हणजे रक्त आले म्हणून तो भाग घासणे सोडून देणे, ही सर्वत्र आढळणारी सवय, रोगाला पोसणारीच आहे. तेथे मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण अधिक काळजीपूर्वक सफाई करावयास हवी.

मग वनौषधींचे कार्य कोणते? बाभूळ व खैर यांच्या सालीतील तुरट द्रव्यांमुळे हिरडी काही काळ आवळल्यासारखी वाटते. लवंगेच्या तेलाने वेदना बधिर होते. कडुनिंबाच्या अर्काने काही जंतूंची वाढ मंदावते. हे गुण उपयुक्त असले तरी साचलेला थर काढण्याचे मुख्य काम ब्रशचेच आहे. फेस कितीही आला तरी त्यात फरक पडत नाही. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त वड, खैर, करंज इत्यादींच्या काड्या सांगितल्या आहेत. काडी करंगळीएवढी जाड, बारा अंगुळे लांब व टोकाशी चावून मऊ केलेली असावी आणि हिरड्यांना इजा न करता वापरावी, असेही तेथे सांगितले आहे. झाडाचे नाव लोकांच्या स्मरणात राहिले, ही अट मात्र विसरली गेली. कोळसा, वीटकरीची पूड किंवा मीठ बोटाने जोरजोराने घासणारे तिचा रोज भंग करीत असतात.

वनौषधियुक्त पेस्ट घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. त्यांपैकी अनेकींत फ्लोराइड नसते. दात किडू नयेत म्हणून त्याचा उपयोग होतो. भारतात त्याची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत १,००० भाग अशी आहे. ज्या गावच्या पाण्यातच फ्लोराइड अधिक आहे, तेथे लहान मुलांसाठी पेस्ट निवडताना दंतवैद्याला विचारावे.

मशेरीचा प्रश्न याहून गंभीर आहे. तंबाखूमुळे हिरड्यांतील रक्तस्राव कमी दिसतो. त्यामुळे रोग बरा झाल्याचा भास होतो आणि आत हाडाची झीज चालूच राहते. दंतमंजन व टूथपेस्ट यांत तंबाखू वापरण्यास केंद्र शासनाने १९९२ मध्ये बंदी घातली. घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत मात्र ती पोहोचत नाही, आणि ही सवय प्रामुख्याने स्त्रियांत आढळते.

मऊ थर काही दिवसांतच कठीण होऊ लागतो. हा दगडासारखा साका कोणत्याही पेस्टने निघत नाही. तो दंतवैद्याकडूनच काढून घ्यावा लागतो. या सफाईने दात हलू लागतात, अशी भीती बाळगली जाते. वास्तविक हाड आधीच झिजलेले असते व दातांमधील फट साक्याने बुजलेली असते. साका निघाल्यावर ती उघडी पडते इतकेच. झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. मधुमेही रुग्णांत ही झीज अधिक वेगाने होत असल्याने, रक्त येण्याची वाट न पाहता त्यांनी सहा महिन्यांनी एकदा हिरड्या तपासून घ्याव्यात.