शिफ्टर जुळवताना

सिंहगडाचा घाट चढायचा आणि पानशेतकडच्या कच्च्या वाटाही तुडवायच्या, म्हणून पुण्यात काही हौशी रोड सायकलच्या हँडलला माउंटन बाइकचे (एमटीबी) गिअर जोडतात. ‘शिफ्टर, डिरेलर दोन्ही शिमानो कंपनीचेच, चालतील’ असं कुणी म्हणालं तर थांबा. शिफ्टरच्या एका टिचकीला केबल किती ओढली जाते आणि तेवढ्यात मागचा डिरेलर किती सरकतो, हे जुळावं लागतं. शिमानोच्या ९-स्पीडपर्यंत रोड-एमटीबीचं हे प्रमाण बहुतेक सारखंच. १०-स्पीडला फाटे फुटले. पण रोडच्या ९-स्पीड सोरा शिफ्टरवर एमटीबीचा ९-स्पीड अलिव्हिओ डिरेलर नीट चालतो. नव्या क्यूज मालिकेतलं ९-स्पीड मात्र वेगळं! पुढच्या डिरेलरला तर ही सवलत नाहीच. पुढे एकच चेनरिंग ठेवलेली बरी. रोडच्या ब्रेक-लिव्हरला साधे व्ही-ब्रेकही जोडू नका, केबल कमी ओढली जाते.