सिमेंटने ओल मरत नाही

भिवंडीच्या ब्राह्मण आळीत किंवा कासार आळीत एखाद्या जुन्या घराची पडवी ओलावली, की सल्ला ठरलेला असतो: जुना गिलावा खरवडा, सिमेंटचा जाड थर द्या, वर वॉटरप्रूफिंगचा हात मारा. पहिला पाऊस बरा जातो. पुढे त्या थराच्या वर लोणा फुटतो, रंगाचे पोपडे सुटतात. मग दोष वाळूला, गवंड्याला. मूळ सल्ला मात्र कुणी तपासत नाही.

तो सल्लाच चुकीचा आहे. पोर्टलंड सिमेंटचं भारतातलं नियमित उत्पादन 1914 मध्ये पोरबंदरला सुरू झालं. त्याआधीची घरं चुन्यात नाहीतर मातीत बांधलेली. त्यांच्या जोत्यावर ओल अडवणारा थर सहसा नसतो. त्यामुळे वात तेल ओढते तसं भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते, साधारण मीटरभर. चुन्याच्या गिलाव्यातून ते हवेत उडून जातं. सिमेंटने ती वाट बुजते. कोंडलेलं पाणी आणखी वर चढतं किंवा घरात फुटतं. पाण्यासोबत आलेले क्षार गिलाव्यामागे साठतात आणि त्याला बाहेर ढकलतात. अशा जागी बोटाने ठोकलं तर बद्द आवाज येतो.

चुना कच्चा, हा याच समजाचा जोडीदार. भारतीय मानक ब्युरोने बांधकामाच्या चुन्यासाठी आयएस 712 आणि चुन्याच्या गिलाव्यासाठी आयएस 2394 ही स्वतंत्र मानकं उगाच काढलेली नाहीत. जुन्या इमारतींसाठी 1877 मध्ये स्थापन झालेली ब्रिटनमधली एसपीएबी ही संस्थाही अशा भिंतींवर सिमेंट थापू नका, असंच सांगते.

म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधायचं. कौल फुटलंय का, पागोळ्या भिंतीलगत पडतात का, थरावर थर चढून रस्ता ओट्याच्या बरोबरीला आलाय का? शंका राहिली तर वीतभर प्लास्टिक चारी कडांनी भिंतीला चिकटवून दोन दिवस ठेवावं. थेंब आतल्या बाजूला जमले तर ओल भिंतीतली. बाहेरच्या बाजूला जमले तर हवेतली. वाट बंद करून भिंत वाळू द्यायची, मग चुन्याचा गिलावा. दीड फुटी भिंत एका उन्हाळ्यात पुरती वाळत नाही, एवढा धीर हवाच.

सैल चौकटीचं दुखणं बहुधा याच ओलीतून येतं. फटीत सिमेंट कोंबून चौकट पक्की होत नाही: लाकूड पावसात फुगतं, उन्हाळ्यात आक्रसतं, फट पुन्हा उघडते. उंबऱ्याजवळ पेचकस टोचून पाहावा. सहज आत गेला तर पाया कुजलाय. तेवढाच भाग कापून सुताराकडून सागवानी जोड द्यावा, ओळंबा लावून चौकट सरळ करावी, होल्डफास्ट भिंतीत नव्याने बसवावेत. अख्खी सागवानी चौकट भंगारात देऊन पत्र्याची आणण्याची घाई कशाला?

पावसात दार अडकतं म्हणून रंधा मारला, तर उन्हाळ्यात फट दिसणारच. वाळवीवर रॉकेल शिंपडून दिसणारे किडे मरतात, वारूळ नाही. उभ्या घरातल्या उपचारासाठी आयएस 6313 चा तिसरा भाग आहे.

आणि यंत्रमाग. शेजारच्या मागांच्या हादऱ्याने चौकट सुटली, असं भिवंडीत सर्रास म्हणतात. हादरे खरे आहेत. पण मागवाल्याशी भांडायला जाण्याआधी चौकटीचा पाया टोचून पाहावा.