दिंडोरीची शिराझ : मिरीच्या वासाची रेड

नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षाच्या पोसलेल्या हिरव्या घडांशेजारी शिराझचे घड अगदीच किरकोळ दिसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. खायला म्हणून बाजारात हे द्राक्ष कोणी पाव किलोही घेणार नाही. खाण्याच्या द्राक्षाचा शेतकरी मणी फुगावा म्हणून घड विरळ करतो, जीए या संजीवकात बुडवतो. वाइनच्या बागेत मात्र मणी फुगला की नुकसान. काळ्या द्राक्षाचाही रस जवळजवळ बिनरंगी निघतो. रंग आणि तुरटपणा असतो सालीत आणि बियांत. म्हणून तर रेड वाइनचा रस सालीसकट आंबवतात आणि वर तरंगून आलेल्या सालींवर तोच रस रोज पंपाने फिरवतात.

शिराझ मूळची फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली. तिथे तिला सिरा म्हणतात. नाशिकची वाइन घरोघरी ओळखीची झाली ती मुख्यतः राजीव सामंत यांच्यामुळे. अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून ते घरच्या जमिनीवर आले, कॅलिफोर्नियाचे वाइनमेकर केरी डॅम्स्की यांना सोबत घेतलं आणि आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ ही वाइनरी काढली. २००० साली आलेल्या पहिल्या बाटल्या व्हाइटच्या होत्या. रेडचा जम नंतर बसला. आज सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ ही ओकच्या पिंपात मुरवलेली वाइन तालुक्याचं नाव लेबलवर मिरवते.

खरी कसोटी मात्र बागेत लागते. युरोपातली वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा कात्री चालवावी लागते : एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, काडी तयार होण्यासाठी, पाऊस ओसरल्यावर गोडी छाटणी, माल धरण्यासाठी. त्यामुळे पीक पावसाळा चुकवून थंडीत वाढतं. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री इथे कामी येतात. युरोपातलं द्राक्ष थंडी वाढत असताना पिकतं. आपलं पिकतं फेब्रुवारी-मार्चच्या चढत्या उन्हात. साखर भराभर चढते आणि आंबटपणा तितक्याच वेगाने उतरतो. खायचं द्राक्ष १७-१८ ब्रिक्स (साखरेचं माप) झाल्यावर उतरवलं तरी चालतं, रेडला २३-२४ लागते. तिथवर थांबायचं आणि आंबटपणाही राखायचा, ही तारेवरची कसरत. त्यात अवकाळी पावसाची आणि गारपिटीची टांगती तलवार आहेच. चांगल्या बाटलीचं श्रेय मी पिंपाआधी काढणीचा दिवस ठरवणाऱ्याला देईन.

ग्लास नाकाशी नेला की आधी पिकलेलं जांभूळ आणि आलुबुखार येतं, मग ओकमुळे व्हॅनिला आणि भाजल्या लाकडाचा वास. पण शिराझची ओळख म्हणजे काळी मिरी, आणि ही नुसती कविकल्पना नव्हे. २००८मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की शिराझमधला हा वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा असतो आणि तेच द्रव्य मिरीतही असतं. गंमत म्हणजे पाचातल्या एखाद्या माणसाला ते जाणवतच नाही. तेव्हा ‘मला कुठे मिरी येतेय?’ असं म्हणणाऱ्याला अडाणी ठरवू नका. गार हवेत पिकलेल्या द्राक्षात हे द्रव्य जास्त असतं. उन्हात पिकलेल्या आपल्या शिराझमध्ये म्हणूनच फळाचा गोडवा पुढे असतो. माझी तक्रार एकच : काही बाटल्यांत व्हॅनिला इतका वरचढ होतो, की द्राक्ष शोधावं लागतं.

जेवणाशी जोडी जमवताना लोक हमखास तांबड्या रश्शाकडे वळतात. तिथेच फसतात. तिखटाने वाइनचा तुरटपणा कडवट लागतो आणि मद्याची आग वाढते. त्यापेक्षा भाजलेल्या खोबऱ्याचं, मिरीवर भर दिलेलं सुकं मटण घ्या. चरबीमुळे तुरटपणा मवाळ होतो. शाकाहाऱ्यांसाठी निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत. मिरची मात्र हात राखून. धुरकट वासाला ओकची साथ मिळते.

आणि रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी हा सल्ला आपल्या खोल्यांसाठी नाहीच. तिला १६ ते १८ अंश हवेत. एप्रिलमध्ये आपलं घर बत्तिशीला असतं. उघडण्याआधी बाटली फ्रिजमध्ये ठेवून तिथवर गार करा. उरली तर बूच लावून परत फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.